पक्षांतरबंदी: एकटा बोलला तर जातो, टोळी गेली तर वाचते. कायद्यात नेमकं कुठे चुकतं?

सभागृह_गॅलरी (धागाकर्ता)

कुठल्याही राज्यात आमदार बसमध्ये बसून रिसॉर्टकडे निघाले की एकच प्रश्न विचारला जातो: पक्षांतरबंदी कायदा असताना हे होतंच कसं? उत्तर असं की बऱ्याच वेळा ते कायद्याच्या आधारानेच होतं. म्हणून राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट (हाच तो कायदा) परिच्छेदवार बघूया. गट-तट कुठल्याही लोकशाहीत असणारच. सरकार टिकावं म्हणून त्यांना किती आवळायचं आणि आवळताना लोकप्रतिनिधीचं मतस्वातंत्र्य किती शिल्लक ठेवायचं, हा खरा वाद आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९६७ च्या निवडणुकांनंतर राज्याराज्यांत आमदारांची पळवापळवी सुरू झाली. हरियाणाच्या गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग रूढ झाला. मग तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालातला सगळ्यात बोलका आकडा पक्षांतरांच्या संख्येचा नाही. पक्षांतर करणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले, हा तो आकडा. रोग मतदानात नव्हता, मोबदल्यात होता. हे निदान १९६९ मध्येच कागदावर होतं.

१९७३ आणि १९७८ ची विधेयकं मंजूर झाली नाहीत. १९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने ५२ वी घटनादुरुस्ती केली आणि १ मार्च १९८५ पासून दहावं परिशिष्ट लागू झालं. त्याचा सांगाडा असा:

परिच्छेद २(१)(क): सदस्याने स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडलं तर अपात्र.
परिच्छेद २(१)(ख): पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिला, आधी परवानगी घेतली नव्हती आणि पक्षाने १५ दिवसांत माफही केलं नाही, तर अपात्र.
अपक्ष निवडून आलेला कुठल्याही पक्षात गेला तर अपात्र. नामनियुक्त सदस्याला पक्ष निवडायला सहा महिने.
परिच्छेद ३: एक-तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती 'फूट', म्हणून संरक्षण. हा २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकला.
परिच्छेद ४: पक्षाचं विलीनीकरण झालं आणि विधिमंडळ पक्षाचे (म्हणजे सभागृहातल्या त्या पक्षाच्या गटाचे) दोन-तृतीयांश सदस्य सहमत असले तर संरक्षण.
परिच्छेद ६: निर्णय अध्यक्ष किंवा सभापती देणार.
परिच्छेद ७: न्यायालयांना यात पडता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान खटल्यात (१९९२) हा परिच्छेद रद्द केला आणि बाकीचं परिशिष्ट तीन विरुद्ध दोन मतांनी टिकवलं. परिच्छेद ७ रद्द झाला कारण न्यायालयांच्या अधिकारावर परिणाम करणाऱ्या दुरुस्तीला किमान निम्म्या विधानमंडळांची मान्यता लागते, ती घेतलेलीच नव्हती.

माझा मुद्दा एवढाच आहे. कायद्याने कुलूप मतावर लावलं आणि व्यवहार पदावर चालू राहिला. त्यामुळे एकट्यादुकट्याचा विरोध बंद झाला, घाऊक फूट चालूच राहिली. कुणाला पटत नसेल तर जरूर लिहा, पण परिच्छेदाच्या क्रमांकासकट.

---

ठसठशीत

क्रमांकासकट लिहितो. कायदा निरुपयोगी आहे असा सूर नको. १९८५ पूर्वी आमदार एकेकटेही जायचे, घोळक्यानेही जायचे. १९८० च्या जानेवारीत भजनलाल यांनी जनता पक्षाचं अख्खं मंत्रिमंडळच काँग्रेसमध्ये नेलं. आपल्याकडे १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पडून पुलोद (शरद पवारांची आघाडी) आलं. त्या काळात सदस्यत्व जाण्याची भीती कुणालाच नव्हती. आज फोडायचं तर मोठा आकडा एकाच वेळी जमवावा लागतो. त्याला वेळ लागतो, खर्च येतो, बातमी फुटते. किंमत वाढवणं हाही प्रतिबंधच आहे.

मतस्वातंत्र्याबद्दल म्हणाल, तर मतदाराने बहुतेक ठिकाणी चिन्ह बघून मत दिलेलं असतं. त्या चिन्हावर निवडून येऊन उलट मत देणं हे मतदाराच्या स्वातंत्र्यावर आक्रमण नाही का?

---

सभागृह_गॅलरी

मतदाराचा मुद्दा मान्य. पण मग २(१)(ख) चा आवाका बघा. अविश्वास ठराव असो की एखाद्या किरकोळ विधेयकावरची दुरुस्ती, कायद्याच्या भाषेत दोन्ही सारखेच. 'कोणताही आदेश' असे शब्द आहेत. मतदाराने पक्षाला मत दिलं ते सरकार बनवायला आणि जाहीरनाम्यासाठी. आपल्या मतदारसंघातून जाणाऱ्या प्रकल्पाच्या विधेयकावर आमदाराने तोंड बंद ठेवावं, असा कौल त्याने कधी दिला?

किहोटो निकालात बहुमताने अनुच्छेद १०५ आणि १९४ (सभागृहातलं भाषण आणि मतदानाचं स्वातंत्र्य) यांचा भंग होत नाही असं म्हटलं, आणि त्याच दमात तरतूद मर्यादित करून वाचायलाही सांगितलं: पक्षादेश विश्वास किंवा अविश्वासाच्या मतदानापुरता, नाहीतर ज्या कार्यक्रमावर पक्ष निवडणुकीला सामोरा गेला त्याच्या गाभ्याच्या विषयापुरता असावा. शिवाय हा आदेश मोडल्यास अपात्रता येऊ शकते असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. प्रत्यक्षात तीन ओळींचा, म्हणजे सर्वांत सक्त, पक्षादेश अधिवेशनभर सरसकट निघतो. त्यात सदस्याने सभागृहात हजर राहून सरकारच्या, किंवा आपल्या पक्षाच्या, बाजूने मतदान करावं एवढंच असतं. कुठल्या प्रस्तावावर आणि का, हे नसतं.

---

नियम_क्रमांक_सात

इथे कार्यपद्धती कुणीच लिहिली नाही आणि बरीच प्रकरणे तिथेच घसरतात. महाराष्ट्रासाठी १९८६ चे विधानसभा अपात्रता नियम आहेत. लोकसभेचे १९८५ चे नियम साधारण त्याच धाटणीचे.

सभागृह स्थापन झाल्यावर ३० दिवसांच्या आत गटनेत्याने अध्यक्षांना सदस्यांची यादी, पक्षाच्या घटनेची प्रत आणि विधिमंडळ पक्षाचे वेगळे नियम असतील तर तेही द्यायचे असतात. प्रत्येक सदस्य आपल्या पक्षाचे विवरण स्वतंत्र नमुन्यात देतो. हा कागद कंटाळवाणा वाटतो, पण पुढे 'पक्ष कुणाचा' असा वाद झाला की सगळे याच फाईलवर येऊन अडते. पक्षाने घटना बदलली आणि बदललेली प्रत वेळेत दिली नाही, तर जुनीच ग्राह्य धरली जाण्याचा धोका असतो. १० जानेवारी २०२४ च्या शिवसेना निर्णयात अध्यक्षांनी १९९९ ची घटना आधाराला घेतली, २०१८ ची नाही. कारण निवडणूक आयोगाच्या दप्तरी १९९९ ची होती.

पक्षादेश मोडला तर १५ दिवस वाट पाहायची. माफी दिली की नाही हे गटनेत्याने मतदानाच्या तारखेपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत अध्यक्षांना लेखी कळवायचे.

याचिका दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सही आणि सत्यापनासह हवी. तथ्ये मोजकी पण नेमकी: कुठल्या तारखेला, कुठल्या प्रस्तावावर, आदेश कुणी काढला, कसा पोचवला. कागदपत्रांच्या प्रती सोबत. 'वर्तमानपत्रात आले आहे' एवढ्यावर भागत नाही, ज्याच्या माहितीवर विसंबलात त्याचे नाव द्यावे लागते. याचिका फक्त सदस्यच करू शकतो असा समज होता. २०१३ च्या ओडिशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुणीही संबंधित व्यक्ती करू शकते असे ठरवले.

मग प्रतिवादीला उत्तरासाठी सात दिवस. जून २०२२ मध्ये उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी १६ आमदारांना दिलेल्या नोटिशीत सुमारे दोनच दिवस दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जूनला ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली आणि मधल्या काळात सरकार गेले. घाईच उलटली असे म्हणायला पूर्ण वाव आहे.

आणखी एक नेहमीची गफलत. पक्षाच्या बैठकीला या असा आदेश काढायचा आणि न आल्यास २(१)(ख) लावायचा. तो परिच्छेद सभागृहातल्या मतदानापुरता आहे. बैठकीची गैरहजेरी फार तर २(१)(क) खाली, सदस्यत्व सोडल्याचा पुरावा म्हणून, इतर वर्तनाबरोबर जोडता येते.

---

मांडवीकाठ

२(१)(क) चा विषय निघालाच आहे तर त्याचा मोठा निकाल आमच्या गोव्यातून गेलेला आहे. रवी नाईक खटला, १९९४. मगोपमधली (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातली) फूट होती. राजीनामा न देताही वर्तनावरून 'स्वेच्छेने सदस्यत्व सोडलं' असा निष्कर्ष काढता येतो, हे तिथे ठरलं. विरोधी पक्षाच्या नेत्यांबरोबर राज्यपालांकडे जाणं, पाठिंब्याचं पत्र देणं, असली कृत्यं त्यात येतात.

पण विलीनीकरणात गोवा देशाच्या पुढे आहे. मार्च २०१९ मध्ये मगोपच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये गेले, म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश. तिसऱ्याला घरी ठेवून. १० जुलै २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १०, पुन्हा बरोबर दोन-तृतीयांश. याचिकांवर अध्यक्षांचा निर्णय यायला २० एप्रिल २०२१ उजाडला आणि तो 'अपात्र नाहीत' असाच आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ ला तो कायम केला. तोवर नव्या विधानसभेसाठी मतदान होऊन गेलं होतं.

त्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. १४ सप्टेंबर २०२२ ला निवडून आलेल्या ११ पैकी आठ जण भाजपमध्ये गेले. शपथेला दहाव्या परिशिष्टात परिच्छेद नाही.

कायद्याचा मुद्दा असा. परिच्छेद ४(१) म्हणतो, मूळ राजकीय पक्षाचं विलीनीकरण झालं असेल तर. ४(२) म्हणतो, विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश सहमत असतील तरच आणि तेव्हाच ते विलीनीकरण झालं असं मानलं जाईल. एक वाचन: आधी मूळ पक्षाने ठरवायचं, मग आमदारांच्या दोन-तृतीयांशांनी होकार द्यायचा. दुसरं वाचन: आमदारांचे दोन-तृतीयांश जमले की मूळ पक्षही विलीन झाला असं गृहीत धरायचं. खंडपीठाने दुसरं स्वीकारलं. त्यामुळे दिल्लीत काँग्रेस जशीच्या तशी उभी आणि पणजीत ती भाजपमध्ये 'विलीन', अशी गंमत कायदेशीर ठरते. मला पहिलं वाचन बरोबर वाटतं. परिच्छेद ३ काढून टाकण्याचा अर्थच दुसऱ्या वाचनाने निघून जातो.

---

बेरीज_वजाबाकी

तेलंगणाही तसंच: २०१९ च्या जूनमध्ये काँग्रेसचे १८ पैकी १२ टीआरएस या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षात. राजस्थानात त्याच वर्षी बसपाचे सहाच्या सहा काँग्रेसमध्ये. अरुणाचलात २०१६ मध्ये काँग्रेसच्या ४४ पैकी ४३ दुसऱ्या पक्षात. पक्ष लहान तेवढं दोन-तृतीयांश स्वस्त. एकच आमदार असलेल्या पक्षात तो एकटाच शंभर टक्के असतो, हे विसरू नका.

पण आकड्यांचा दुसरा मार्ग जास्त वापरात आहे: राजीनामा. त्याला पक्षांतर म्हणत नाहीत. मध्य प्रदेश, मार्च २०२०. विधानसभा २३० ची, दोन जागा रिकाम्या, म्हणजे २२८. काँग्रेस ११४, भाजप १०७. काँग्रेसच्या २२ जणांनी राजीनामे दिले. सभागृह २०६ वर आलं, बहुमत १०४ वर. भाजपच्या १०७ मध्ये एकही भर न पडता बहुमत झालं. काँग्रेस ९२.

कर्नाटक, २३ जुलै २०१९: कुमारस्वामी यांचा विश्वासदर्शक ठराव ९९ विरुद्ध १०५ ने पडला, कारण राजीनामे दिलेले आमदार सभागृहात नव्हते. तिथे अध्यक्षांनी राजीनामे बाजूला ठेवून १७ जणांना अपात्र केलं आणि वर विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ ला अपात्रता कायम ठेवली पण मनाई काढली. अध्यक्षांना तसा अधिकारच नाही. ५ डिसेंबरला १५ जागांवर पोटनिवडणूक झाली, भाजपने १२ जिंकल्या, आणि निवडून आलेल्यांपैकी बरेच मंत्री झाले.

आता ९१ व्या दुरुस्तीचं कलम वाचा, १६४(१ख). अपात्र झालेला सदस्य मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, मंत्री होऊ शकत नाही. महामंडळासारख्या लाभाच्या पदासाठी ३६१ख मध्येही तसंच. सगळी हवा त्या 'जे आधी होईल' मधून जाते. चव्हाण समितीच्या ११६ मंत्र्यांवरचा उपाय म्हणून आणलेलं कलम, आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक जिंकली की उपाय संपला.

---

ठसठशीत

पुन्हा निवडून आला म्हणजे मतदाराने माफ केलं. त्यात गैर काय? उलट तीच तर लोकशाही. राजीनामा देऊन नव्या चिन्हावर कौल मागणारा माणूस दोन-तृतीयांशात लपणाऱ्यापेक्षा कितीतरी सरळ.

---

बेरीज_वजाबाकी

राजीनामा देऊन कौल मागणं सरळ, हे मान्य. पण क्रम बघा. आधी सरकार पडतं, मग नवं बनतं, मग त्या सरकारचा उमेदवार म्हणून, हातात सत्ता असताना पोटनिवडणूक होते. मध्य प्रदेशात तर काही जण आमदार नसतानाच मंत्री झाले. राजीनामा दिलेला अपात्र नसतो, त्यामुळे १६४(१ख) त्याला लागतच नाही आणि १६४(४) खाली सहा महिने मिळतात. मंत्रिपदाची मनाई विधानसभेच्या उरलेल्या पूर्ण मुदतीला जोडा, निवडणूक मात्र खुशाल लढू द्या. मतदाराचा हक्कही राहील आणि सौद्यातला मालही जाईल.

---

अर्धविराम

मंत्रिमंडळाच्या आकाराची मर्यादाही त्याच दुरुस्तीतली ना? १५ टक्के?

---

बेरीज_वजाबाकी

हो. महाराष्ट्र २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३. मात्र लहान राज्यांसाठी किमान १२ ची सूट आहे. गोव्यात ४० चे १५ टक्के सहाच होतात, पण १२ मंत्री करता येतात. म्हणजे सभागृहाचे ३० टक्के, आणि २१ च्या बहुमतातले निम्म्याहून अधिक. मांडवीकाठ म्हणतात तसा गोवा पुढे का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

---

सभागृह_गॅलरी

आता महाराष्ट्र. याबद्दल इतकं चुकीचं फिरतंय की क्रम लावूनच लिहितो. कुणाची बाजू घ्यायची नाही, फक्त यंत्र कसं चाललं ते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यापासून अध्यक्षपद रिकामं होतं, काम उपाध्यक्ष बघत होते. २१ जून २०२२ ला शिंदे गट बाहेर पडला. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार, दोन-तृतीयांशाला ३७ लागतात, पुढे ४० जमले. पण त्यांनी परिच्छेद ४ चा आधार घेतलाच नाही, कारण त्यासाठी दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागलं असतं. त्यांचा दावा वेगळा होता: आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्हीच पक्ष. हा दावा टिकला तर २(१)(क) आपोआप गळतो, आणि पक्षादेश काढायचा हक्कही त्यांच्याकडे येतो, म्हणजे २(१)(ख) उलट दिशेने फिरतो.

त्याच वेळी उपाध्यक्षांना हटवण्याची नोटीस पाठवली गेली. कारण नबाम रेबिया निकाल, २०१६: हटवण्याची नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षाने अपात्रतेचा निर्णय करू नये. हेतू चांगला होता. पण एका कागदाने निर्णयाधिकारी गोठवण्याची युक्ती त्यातून हाती आली.

राज्यपालांनी ३० जूनला बहुमत चाचणी बोलावली, २९ ला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले, ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ ने मंजूर.

११ मे २०२३, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, सुभाष देसाई खटला. ठरलेल्या गोष्टी: प्रतोद (पक्षादेश काढणारा) आणि गटनेता राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही. म्हणून भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा. बहुमत चाचणी बोलावण्यासाठी राज्यपालांपुढे पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता. ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्याने त्यांना परत बसवता येत नाही. परिच्छेद ३ गेल्यावर 'फूट' हा बचाव उरलेला नाही. नबाम रेबिया सात न्यायमूर्तींकडे. अपात्रता मात्र अध्यक्षांनीच वाजवी वेळेत ठरवावी.

तोवर १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ खाली नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं होतं. कसोटी १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतरच्या सादिक अली खटल्यातली: उद्दिष्टं, पक्षघटना, संख्याबळ. पहिल्या दोन निरुपयोगी ठरवून आयोग तिसरीवर, त्यातही निवडून आलेल्यांच्या संख्येवर आला. अध्यक्षांचा जानेवारी २०२४ चा निर्णयही शेवटी विधिमंडळातल्या बहुमतावर टेकला, आणि कुठल्याच गटाचा कुणीच अपात्र ठरला नाही. राष्ट्रवादीतही तोच साचा: आयोग ६ फेब्रुवारी २०२४, अध्यक्ष १५ फेब्रुवारी.

घोळ कुठे आहे ते आता दिसेल. घटनापीठाने सांगितलं, विधिमंडळ पक्ष म्हणजे राजकीय पक्ष नाही. पण राजकीय पक्ष कुठला हे ठरवताना पुन्हा विधिमंडळ पक्षच मोजला गेला. दाराने बाहेर काढलेली फूट खिडकीतून आत आली, आणि या वेळी चिन्हासकट.

---

नियम_क्रमांक_सात

एक भर. याला पक्षही तितकेच जबाबदार. अंतर्गत निवडणुका नियमित घेतल्या, प्रतिनिधी सभेची यादी अद्ययावत ठेवली आणि आयोगाकडे दिली, तर संघटनेतले बहुमत मोजता येते. मोजण्यासारखे काही नसेल तर मोजणारा सहज मोजता येण्याजोग्या गोष्टीकडे, म्हणजे आमदारांकडे, वळतो. पक्षाध्यक्षाला सगळे अधिकार देणारी पक्षघटना फुटीच्या वेळी कवच ठरत नाही. 'लोकशाही रचना नाही' म्हणून ती बाजूला सारली जाते.

---

दुरून_डोंगर

ब्रिटनकडे बघा. पक्षादेश हा प्रकारच तिथला: एक, दोन आणि तीन ओळी. तीन ओळींचा मोडला तर पक्ष 'व्हिप काढून घेतो', म्हणजे संसदीय गटाबाहेर. खासदारकीला धक्का नाही. १५ जानेवारी २०१९ ला थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार ४३२ विरुद्ध २०२ ने पडला, विरोधात त्यांच्याच पक्षाचे ११८. सप्टेंबरमध्ये जॉन्सन यांनी २१ जणांचा व्हिप काढला. सगळे खासदार राहिलेच. पुढे १० जणांना परतही घेतलं. चर्चिल तर १९०४ मध्ये हुजूर पक्ष सोडून गेले आणि वीस वर्षांनी परत आले.

हे तिथे चालतं, कारण खासदाराला पक्षाबाहेर फेकणं महाग पडतं आणि मंत्रिपदासाठी रांग लांब असते. उचलून इथे आणलं तर १९६७ परत येईल, ठसठशीत यांची भीती खरी आहे.

न्यूझीलंड मधला रस्ता दाखवतो. २०१८ चा कायदा: पक्षनेत्याला सदस्याची जागा रिकामी करून घ्यायची असेल तर आधी लेखी कारणं द्यायची, उत्तराला २१ कामकाजाचे दिवस द्यायचे, आणि पक्षाच्या संसद सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सहमत आहेत असं निवेदन अध्यक्षांना द्यायचं. अध्यक्ष न्यायनिवाडा करत नाही, कागद पूर्ण आहे का एवढंच बघतो. २०२४ मध्ये ग्रीन पक्षाने तो पहिल्यांदा वापरला. तिथले दोन-तृतीयांश पळणाऱ्यांचे नाहीत, काढणाऱ्यांचे आहेत.

जेम्स मॅडिसन यांनी १७८७ मध्ये म्हटलेलं इथे लागू पडतं: गटबाजीचं मूळ उपटायचं तर स्वातंत्र्यच मारावं लागतं, म्हणून मूळ सोडा आणि परिणामांना आवर घाला. आपण २(१)(ख) ने मुळावर घाव घातला आणि परिणाम, म्हणजे मंत्रिपद, मोकळं सोडलं.

---

अर्धविराम

अध्यक्ष पक्षाचाच माणूस असतो, त्याच्याकडे निर्णय ठेवण्यात काय अर्थ? कुठे बदलायचा प्रयत्न झाला आहे का?

---

नियम_क्रमांक_सात

सूचना खूप, बदल शून्य. परिच्छेद ५ अध्यक्षाला निवडीनंतर पक्ष सोडायची आणि पद सोडल्यावर परत यायची मुभा देतो. वापरतो कोण? नीलम संजीव रेड्डी यांनी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर काँग्रेस सोडली होती, तेव्हा तर हा परिच्छेद नव्हताही.

गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवले: निर्णय राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने द्यावा. इतर अपात्रतांसाठी १०३ आणि १९२ मध्ये हीच पद्धत आहे आणि आयोगाचे मत बंधनकारक असते. विधी आयोगाच्या १७० व्या अहवालाने (१९९९) विलीनीकरणाचे संरक्षणही काढायला आणि पक्षादेश सरकार धोक्यात असतानाच लागू ठेवायला सांगितले. मणिपूरच्या खटल्यात २१ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घालून दिली आणि कायमस्वरूपी स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करा असे संसदेला सुचवले. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या दहा आमदारांबाबत पुन्हा तीन महिनेच सांगावे लागले.

विलंब हाच निर्णय असतो. उत्तर प्रदेशात बसपाचे १३ आमदार २७ ऑगस्ट २००३ ला राज्यपालांकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले तो निकाल २००७ मधला. एक गोष्ट मात्र त्यातून पक्की झाली: अपात्रता पहिल्या कृत्याच्या तारखेपासून मोजायची. नंतर आणखी माणसे गोळा करून आकडा पुरा केला तरी आधीचे धुऊन निघत नाही.

---

मांडवीकाठ

आयोगाकडे देण्याबद्दल मी साशंक आहे. चिन्हाचा वाद आधीच तिथे असतो. अपात्रताही तिथेच गेली तर दोन्ही निर्णय एकाच टेबलावर, एकाच मोजणीने होतील. निवृत्त न्यायमूर्तींचं न्यायाधिकरण, ९० दिवसांची सक्तीची मुदत, आणि मुदतीत निर्णय नाही तर तोवर मंत्रिपदाची शपथ नाही. शेवटची अट नसेल तर बाकीच्या दोन कागदावरच राहतील.

---

अर्धविराम

राज्यसभेच्या मतदानात क्रॉस व्होटिंग झालं तर आमदारकी जाते का? हिमाचलमध्ये गेली होती ना?

---

सभागृह_गॅलरी

राज्यसभेच्या मतदानामुळे नाही. ती निवडणूक म्हणजे सभागृहाचं कामकाज नव्हे, त्यामुळे २(१)(ख) लागत नाही. खुलं मतदान २००३ पासून आहे, पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवावी लागते, पण पक्षाविरुद्ध मत दिल्याने आमदारकी जात नाही. हिमाचलच्या सहा जणांनी २७ फेब्रुवारी २०२४ ला क्रॉस व्होटिंग केलं, आणि अपात्र झाले २९ ला, अर्थसंकल्पावर हजर राहण्याचा पक्षादेश मोडला म्हणून. दुसऱ्या दिवशी सभागृहात येऊन बसले असते तर हे प्रकरण बरंच अवघड झालं असतं.

पैसे घेऊन मत दिलं तर ते मात्र वेगळं. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींनी सीता सोरेन खटल्यात १९९८ चा नरसिंह राव निकाल फिरवला. लाचेला विशेषाधिकाराचं संरक्षण नाही, आणि हे राज्यसभेच्या मतालाही लागू.

---

ठसठशीत

मग निदान या तीन गोष्टींवर आपलं एकमत दिसतंय: पक्षादेश विश्वास-अविश्वास आणि अर्थविषयक मतदानापुरता, मंत्रिपदाची मनाई पूर्ण मुदतीसाठी, निर्णय अध्यक्षांबाहेर. विलीनीकरणाचं संरक्षण पूर्ण काढायला मात्र माझा विरोध. दोन पक्षांची खरोखरीची एकी होऊ शकते, तिला वाट हवीच.

---

मांडवीकाठ

वाट ४(१) मध्ये आहे की. पक्षाच्या प्रतिनिधी सभेचा ठराव, आयोगाकडे नोंद, आणि मग आमदार. पणजीतल्या एका सकाळच्या बैठकीतून राष्ट्रीय पक्ष विलीन होत नसतो.

---

अर्धविराम

शेवटचं: नगरसेवकांना हेच लागू का?

---

नियम_क्रमांक_सात

दहावे परिशिष्ट नाही. महाराष्ट्रात त्यासाठी स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती त्यात येतात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे ती बाहेर. दोन फरक लक्षात ठेवा: तिथे निवडणुकीनंतर नोंदवलेली 'आघाडी'सुद्धा धरली जाते, आणि निर्णय महापौर किंवा अध्यक्षाकडे नसून प्रशासकीय अधिकाऱ्याकडे असतो. आघाडीच्या नोंदणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी नगरसेवकांनी तो वाचावा, कारण पुढचा पक्षादेश त्याच कागदावरच्या गटनेत्याचा येतो.